राखून ठेवलेले टायर

आमच्याकडे गाडी होती, पण ती फिरायची नाही. कव्हर घालून गेटच्या आत उभी असायची. आमचे हे, म्हणजे सुनील, नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाले तेव्हा त्यांनी आयुष्यातली एकमेव चैन केली. साध्या हॅचबॅकला कंपनीच्या लोखंडी रिम काढून मोठे, रुंद, चकचकीत अलॉय बसवले आणि त्यावर तसेच रुंद टायर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तेव्हापासून गाडी बाहेर काढायची म्हटली की यांचं एकच वाक्य, टायर घासतात. भाजीला स्कूटर, दवाखान्यात रिक्षा. भाचीच्या लग्नाची पैठणी घ्यायला आम्ही येवल्याला एसटीनं गेलो, उभ्यानं. गाडी घरी आराम करत होती.

दसऱ्याला मात्र तिचा थाट असायचा. हे पाटावर बसून एकेक टायर ब्रशनं धुणार, काळं पॉलिश लावणार, मग हळदकुंकू, झेंडूची माळ आणि चाकाखाली लिंबू. गाडी लिंबावरून हातभर पुढे घेतली की झाली यात्रा.

हे सगळं मी चालवून घेतलं. पण या वर्षी हर्षालीचा प्रश्न आला. हर्षाली आमची मुलगी, पेठच्या सरकारी दवाखान्यात नर्स. जावई वापीला कंपनीत, महिन्यातून दोनदा येतात. तिची ड्यूटी सुटेपर्यंत सोयीची एसटी निघून गेलेली असते, म्हणून ती तिकडेच खोली घेऊन राहायची आणि शनिवारी यायची. तिची चिमी आमच्याजवळ. बालवाडीतलं पोर. रोज झोपताना विचारायचं, आज शनिवार आहे का? मी काही रडूबाई नाही, पण त्या प्रश्नावर मी पटकन दिवा मालवायची.

आता हर्षालीला कायमची दिवसपाळी मिळाली. गाडी असेल तर रोज संध्याकाळी घरी येता येणार होतं. मी यांना काही म्हणायच्या आधीच हे उठले आणि गाडीवरचं कव्हर ओढलं.

"ने तू," हर्षालीला म्हणाले. "टायर तर बघ, नव्यासारखे आहेत. नक्षी जशीच्या तशी."

नक्षी होतीच. पण मला कुकरची रिंग आठवली. माळ्यावर ठेवलेल्या जादाच्या कुकरची रिंग मी मागे काढली, तर न वापरताच कडक होऊन तिचे तुकडे पडले होते. मी टायरला नख लावून पाहिलं. रबरात नख जाईना, दगडावर लावल्यासारखं वाटलं. पेठच्या वाटेवरच्या सावळघाटातून रोज जायचं तर एकदा दाखवून घेऊ, असं मी म्हटलं. यांनी नाक मुरडलं, पण आले.

द्वारका चौकाच्या अलीकडे गोरक्षचं टायरचं दुकान आहे. त्यानं फडक्याला पेट्रोल लावून टायरची कड पुसली. काळं पॉलिश निघालं आणि खालून बारीक बारीक भेगा उघड्या पडल्या. उन्हाळ्यात अनवाणी चालणाऱ्या बाईच्या टाचा असतात तशा. चारही टायरना.

"काका, हे गेलेत," गोरक्ष म्हणाला. "नक्षीवर काही नसतं. रबर उभ्या उभ्याच मरतं."

यांनी वाकून भेगांवरून अंगठा फिरवला. प्रेसमध्ये उभं आयुष्य नोटांचे कागद तपासण्यात गेलं या माणसाचं, पण स्वतःच्या टायरवर स्वतःच पॉलिश चढवत बसले. मला राग आला होता, खूप आला होता. येवल्याची एसटी डोळ्यांपुढे उभी राहिली.

"तिच्यासाठीच राखले होते गं," हे हळूच म्हणाले.

मग मला रागही धड येईना.

गोरक्षनं सांगितलं की या मापाचे नवे टायर महाग पडतील, कारण एवढे रुंद अलॉय या गाडीचे मुळात नाहीतच. भाव ऐकून यांनी खिशातलं पाकीट चाचपलं. हर्षालीनं आधीच बजावलं होतं, पप्पा, पेन्शनीला हात लावायचा नाही. मग गोरक्षनं आतून जुने टायर काढून दाखवले. माप तेच, नक्षी खोल, भाव पाव. यांचे डोळे चमकले. लगेच हात नक्षीकडे गेला. म्हटलं, झालं, कुत्र्याचं शेपूट.

मी गोरक्षला विचारलं, हे कुणाच्या गाडीचे, त्यानं का काढले? तो सरळ म्हणाला की माहीत नाही काकू, लॉटमध्ये आलेत. त्यावर मी बरंच काही बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. पण यांनी नक्षीवरचा हात काढून घेतला. आपल्या टायरकडे पाहिलं, मग या टायरकडे.

"कंपनीच्या मापाचे नवे बसतात का?" त्यांनी विचारलं.

गोरक्ष म्हणाला बसतात, स्वस्तही पडतात, फक्त चाकं लहान हवीत. लोखंडी रिम त्याच्याकडे होत्या.

"मग अलॉय काढ. तूच ठेव ते, हिशेबात धर."

गोरक्षनं दोनदा विचारलं, काका नक्की ना? हे म्हणाले, नक्की. आणि अलॉय निघत असताना रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. तेवढ्यात मी दोन चहा सांगितले. दुसरं काय करणार.

नव्या टायरवर गाडी बुटकी दिसत होती. अगदी कुणाचीही वाटावी अशी.

सोमवारी हर्षाली उजाडताच गेली. दिवसभर यांचा पाय घरात ठरला नाही. संध्याकाळी गाडी गेटात आली आणि चिमी दारातून ओरडली, आज शनिवार नाहीये, तरी मम्मी आली! हर्षालीनं तिला उचललं आणि दोघी आत गेल्या.

घाटातली लाल माती पार रिमच्या वर चढली होती. हे नळी घेऊन आलेच. मला वाटलं, आता ब्रश, मग पॉलिश, आणि उद्यापासून पुन्हा टायर घासतात. पण हे खाली बसले, मातीनं भरलेल्या टायरवर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"ललिता," म्हणाले, "गरम आहेत."

"चालले की होतात," मी म्हटलं.

आतून चिमीचं हसणं ऐकू येत होतं. यांनी नळीचं तोंड झाडाच्या बुंध्याशी टाकलं आणि नळ सोडला.

"राहू दे ती माती," ते म्हणाले. "उद्या परत लागणारच आहे."