न गेलेल्यांचा दोरा

सायानच्या दोन्ही मनगटांवर इतके पांढरे दोरे होते की घड्याळ बांधायला जागा उरली नव्हती, आणि हे तो जो भेटेल त्याला हसत हसत सांगत होता. फिकुनला ते हसू बघवत नव्हतं. सख्खा धाकटा भाऊ होता, म्हणून तर जास्तच बघवत नव्हतं.

याबाच्या, म्हणजे झोप उडवणाऱ्या नशेच्या, गोळ्या खाऊन खाऊन यानेच आईची म्हैस परस्पर विकली होती. वडिलांना चितेवर ठेवलं तेव्हा हा बाजूच्या केळीत पडून स्वतःशीच बडबडत होता. मग जिल्ह्याच्या इस्पितळात राहिला, शुद्धीवर आला, अंग धरलं आणि घरी परतला. झालं! साऱ्या गावाने त्याला डोक्यावर घेतलं. जे परत येतात त्यांना इथे दोरा बांधतातच. आजारातून उठलेल्याला, लष्करातून सुटलेल्याला, परमुलखातून आलेल्याला. माणसाचा खवान, म्हणजे अंगातला जीव, भटकलेला असतो. वडीलधारी माणसं त्याला हाक मारून घरी बोलावतात आणि मनगटाला बांधून टाकतात. फिकुनचा नवरा तैवानच्या कारखान्यात होता. तो निघाला तेव्हा त्याला दोरे बांधले, सुटीवर आला तेव्हाही बांधले. बांधायला फिकुन सगळ्यांत पुढे. तिच्या स्वतःच्या मनगटाला शेवटचा दोरा लागला तो लग्नात. ती कुठे गेलीच नाही, लग्नानंतरही इथल्या रीतीने आईच्याच घरी राहिली, तर परत कुठून येणार?

ती गावची आरोग्यसेविका होती. रांजणांत डासांच्या अळ्या बघायच्या, म्हाताऱ्यांचा रक्तदाब मोजायचा, आणि वर्षातून एकदा शाळेत जाऊन मुलांना नशेपासून लांब राहायला सांगायचं. किती वर्षं झाली, तोच काळ्या फुप्फुसांचा नि गोळ्यांच्या चित्रांचा तक्ता, तीच सूचना: कोणी स्ट्रॉचा तुकडा दिला, आत गोळी घालून दोन्ही तोंडं वितळवून बंद केलेला, तर हात लावू नका, पहिली गोळी फुकटच देतात. मुलं पेंगायची. मागच्या बाकावर खुशाल वेण्या घालणं चालायचं.

आणि यंदा त्याच शाळेत सायान बोलला. म्हणे मी चार रात्री झोपलो नाही, म्हणे मला वाटायचं अख्ख्या गावाचं भात मी एकटाच कापीन! मुलं हसली, मग रडली, मग टाळ्यांनी छप्पर उडवलं. गावप्रमुखांनी तिथेच, स्टेजवर, सगळ्या पोरांसमोर त्याला दोरे बांधले. मास्तरीण बाईंनीही बांधले. मग बाई फिकुनकडे वळून गोड आवाजात म्हणाल्या, "फिकुनताई, पुढच्या वेळी तुम्ही सरबताचं बघा हं. बोलेल सायान."

सरबताचं बघा! फिकुनच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने तक्त्याची गुंडाळी काखेत मारली आणि कोणाशी न बोलता घर गाठलं.

संध्याकाळी सगळे चटईवर जेवायला बसले होते. भाजलेला मासा, मिरचीची चटणी, टोपलीत चिकट भात. आई माशाचे काटे काढून एकेक तुकडा सायानपुढे सरकवत होती. चाळिशीला टेकलेला घोडा, आणि काटे आई काढतेय! फिकुनची लेक बायतोंग भाताचा गोळा बोटांनी वळत, कान टवकारून बसली होती.

"आई, मलाही हात आहेत, पण काटे मला माझेच काढावे लागतात," फिकुन म्हणाली.

"अगं, तो अशक्त आहे."

"अशक्त? आज तासभर माईकवर ओरडत होता."

सायान हसला. "ताई, जळतेस काय गं?"

"जळते! नाही कोण म्हणतंय? या घरात दोरा हवा असेल ना, तर आधी चिखलात लोळून यावं लागतं. आम्ही मूर्ख. आम्ही सरळ वागलो. आमच्या हाताला दोरा कशाला?"

आईने आणखी एक काटा काढला आणि अगदी मायेने म्हणाली, "तुझी मला कधी काळजीच करावी लागली नाही गं."

ती हे कौतुकाने म्हणाली होती. फिकुनने ताट सारलं आणि उठून भांड्यांचा आवाज करायला गेली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी ती रांजण तपासून घरी आली. खडूचा तुकडा हवा होता, म्हणून तिने बायतोंगची कंपासपेटी उघडली. खडूंच्या खाली स्ट्रॉचा एक आखूड तुकडा होता. दोन्ही तोंडं वितळवून बंद केलेली. आत नारिंगी गोळी.

तक्त्यावर तिने हे शेकडो पोरांना दाखवलं होतं. हातात आजवर घेतलं नव्हतं. ती पायरीवर बसली आणि बायतोंग शाळेतून येईपर्यंत उठलीच नाही.

बायतोंगने आईच्या हातात काय आहे ते बघितलं आणि दारातच थबकली.

"खाल्लीस?"

"नाही."

"खरं सांग!"

"नाही खाल्ली गं. अजून."

"अजून?" फिकुनचा आवाज फाटला. "कोणी दिली?"

"वर्गातल्या एकीच्या भावाने. पैसे नको म्हणाला."

"मी काय सांगत होते इतकी वर्षं? तू पहिल्या बाकावर बसून काय ऐकलंस?"

बायतोंगने मान खाली घातली, पण तोंड बंद केलं नाही. आईचीच लेक. "मी अगदी जराशीच खाणार होते. मग इस्पितळात जाणार, मग परत येणार. मामा आला की नाही परत? मागच्या वर्षी मी जिल्ह्यात पहिली धावले तेव्हा आजी म्हणाली, बरं झालं, पाय धुऊन ये. एकाने तरी दोरा बांधला? तूच म्हणालीस ना त्या दिवशी, दोरा हवा असेल तर आधी चिखलात लोळून यावं लागतं?"

फिकुनला तोंडात मारल्यासारखं झालं. शब्द तिचे, सूर तिचा, ओठ पुढे काढायची तऱ्हासुद्धा तिचीच. इतके दिवस पोटात जे धुमसत होतं ते आता पोरीच्या कंपासपेटीत जाऊन बसलं होतं. ती घाबरली. आणि घाबरलं की ती नेहमी करायची तेच तिने केलं: भावावर धावून गेली.

सायान खांबांवर उभारलेल्या घराखाली, सावलीत, बांबूच्या बाजेवर मासे धरायची टोपली विणत बसला होता. फिकुनने बायतोंगला दंडाला धरून खेचत आणलं आणि तो तुकडा त्याच्यासमोर बाजेवर आपटला.

"घ्या! बघा आपल्या भाषणाचं फळ! पोरीला हिरो व्हायचंय, मामासारखं. वाजवा आता टाळ्या!"

खोटं कशाला बोला, हे बोलताना तिला गोड वाटलं. पोर खड्ड्याच्या काठावर उभी होती, तरी गोड वाटलं. अखेर एकदा तिचं खरं ठरलं होतं.

सायानने तिच्याकडे बघितलंही नाही. तो त्या तुकड्याकडे बघत होता. हातातली बांबूची कामटी खाली पडली. कपाळावर घाम फुटला. जिभेने त्याने ओठ ओला केला, परत केला.

"ताई, उचल ते."

"का? बघ ना नीट! तुझीच तर मैत्रीण..."

"ताई." आवाज इतका बारीक होता की ती गप्प झाली. "पाया पडतो, आत्ता उचल. मी उचललं तर परत ठेवणार नाही."

त्याने दोन्ही हात, दोऱ्यांसकट, मांड्यांखाली दाबून धरले होते. फिकुनने झडप घालून तो तुकडा उचलला, परसातल्या संडासात टाकला आणि टमरेलावर टमरेल पाणी ओतत राहिली. टाकी रिकामी झाली तेव्हा थांबली.

परत आली तर सायान तसाच बसलेला. सदरा पाठीला चिकटला होता. बायतोंग समोर उभी राहून डोळे फाडून त्याच्याकडे बघत होती.

"मामा," ती म्हणाली, "तू बरा झालास ना?"

"भाषणात झालो," सायान म्हणाला. "घरी रोज व्हावं लागतं. सकाळी होतो, दुपारपर्यंत टिकतो, मग परत पहिल्यापासून."

"मग तू हे शाळेत का नाही सांगत?"

"याला टाळ्या पडत नाहीत, बेटा."

फिकुन त्याच्या शेजारी बसली. त्याचा एक हात तिने मांडीखालून ओढून काढला आणि धरून ठेवला. हात बर्फासारखा गार होता, आणि त्यावरचे दोरे घामाने भिजले होते. याच दोऱ्यांसाठी ती रात्ररात्र कूस बदलत होती! तिला स्वतःची लाज वाटली. पण हेवा गेला होता म्हणावं, तर तेही नाही; कोपऱ्यात बसून तो अजून टुकटुक बघतच होता.

"शुक्रवारी पलीकडच्या गावच्या शाळेत बोलायला बोलावलंय ना, तिथे मला स्टेजवर दोरे नकोत," सायान थोड्या वेळाने म्हणाला. "पोरांना बांधू. जी कुठे गेली नाहीत त्यांना. आणि आधी तू बोल. मी तक्ता धरतो."

"पेंगतील."

"पेंगू देत. घरी जाऊन झोपतील तरी."

फिकुनला हसू आलं आणि रडूही. ती उठून वर गेली. "आई, सुताची गुंडी काढ."

आई दचकली. "का गं? कोण आलं?"

"कोणी आलं नाही. ही आहे आणि मी आहे."

"मग हाक कुणाला मारू? तुमचे खवान घरातच आहेत की."

"घरातल्याला कधी हाक मारायचीच नाही का गं, आई?"

आई तिच्याकडे बघत राहिली. मग पेटीतून गुंडी काढली, एक अंडं उकडून घेतलं आणि भाताच्या गोळ्यासोबत बायतोंगच्या तळव्यावर ठेवलं. मंत्र म्हणायला तोंड उघडलं आणि ती अडखळली. तिला येत होतं ते सगळं 'परत ये, परत ये' असंच होतं. मग तिने आपल्याच शब्दांत म्हटलं, "जाऊ नको हं बाळा. इथेच बैस." गाठ मारली. मग ती फिकुनच्या मनगटाला दोरा गुंडाळू लागली. "तू आहेस, हे मला माहीत होतं गं. सांगायचं राहून गेलं."

फिकुन हमसून हमसून रडली. इतक्यात सायान जिना चढून वर आला आणि म्हणाला, मलाही बांधायचाय ताईला. बोटं अजून कापत होती, गाठ बसेना. शेवटी एक टोक तिनेच दातात धरलं, तेव्हा कुठे बसली.

बायतोंग आपला हात आणि आईचा हात शेजारी धरून बघत होती. तिचा ओठ पुढे आला.

"आजी, आईला दोन झाले. मला एकच."

फिकुनने नाक पुसलं, लेकीला जवळ ओढलं आणि गुंडीतून आणखी एक दोरा तोडला.