कनगमचा डावा हात

ओक-जूला चेन्नईत येऊन चौथा महिना लागला होता. नवऱ्याला इथल्या मोटार कारखान्यात पाच वर्षांसाठी पाठवलं, म्हणून तिनं कोरियातल्या बुसानच्या इस्पितळातली सतरा वर्षांची नर्सची नोकरी सोडली. इथल्या व्हिसावर तिला काम करायची मुभा नव्हती. दिवसभर घरात दोघीच, ती आणि कामाला येणारी कनगम. मीठ, पाणी, पुरे, उद्या, एवढ्या चार तमिळ शब्दांवर दोघींचं भागायचं.

त्या सकाळी मुळा चिरताना कनगमच्या डाव्या हातातून तो दोनदा निसटला. ओक-जूनं वर पाहिलं, तर तिचं तोंड एका बाजूला ओघळलेलं. असे रोगी तिनं शेकड्यांनी पाहिले होते. अर्धांगवायू. आता एकेक मिनिट मोलाचं होतं.

तिनं रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडून भराभर तमिळमध्ये काहीतरी विचारलं जात होतं, तिला एक शब्द कळेना. तिनं ओढतच वॉचमन मुरुगेसनला वर आणलं आणि फोन त्याच्या हातात दिला. त्यानं कनगमकडे पाहिलं.

"काय गं अक्का, काय झालं?"

"काही नाही रे. ऊन बाधलंय," कनगम जड जिभेनं म्हणाली.

"नको ताई, गाडी नको. उन्हानं चक्कर आलीय," असं फोनवरच्या बाईला सांगून त्यानं फोन ठेवला आणि ताक आणायला गेला.

ओक-जूनं नवऱ्याला फोन केला. "अहो, कारखान्याची गाडी पाठवा. कनगमला अर्धांगवायूचा झटका आलाय."

"तिथं तिची माणसं आहेत ना?"

"त्यांना कळत नाहीये."

"मग तू मध्ये पडू नकोस. उद्या काही झालं तर आपल्यावर येईल."

आणि ती मध्ये पडली नाही. ताकाचा पेला तेवढा तिनं बाजूला सारला, कनगमला कुशीवर निजवलं आणि तिचा हात धरून शेजारी बसून राहिली. मुरुगेसननं कळवल्यावर तीन तासांनी कनगमचा मुलगा रिक्षा घेऊन आला. इस्पितळात सांगितलं, उशीर झाला, डावा हात आता चालणार नाही.

महिन्याभरानं कनगमची सून कामाला येऊ लागली. तिला ओक-जूसारखंच मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं.

"सासूबाई तुमचं नाव काढतात," ती म्हणाली. "म्हणतात, मॅडम बिचाऱ्या घाबरल्या होत्या, तरी हात धरून बसल्या. तुम्हाला तरी कसं कळणार, मॅडम, काय झालंय ते?"

ओक-जूला म्हणायचं होतं, मला कळलं होतं. तिनं तोंड उघडलं. मग नुसती मान डोलावली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.