शांताबाईचं गमबूट

हसा, हसा! शांताबाई पांढरं गमबूट घालून खुराड्यात शिरती म्हणून दात काढताय व्हय? तुमच्या जिवावर बेतलं असतं म्हंजी कळलं असतं.

माझा उज्ज्वल सिंगापुरात अंड्याच्या फार्मवर कोंबड्यांचा डाक्टर हाय, ठाऊकच हाय तुमास्नी. औंदा गेले त्याच्याकडं, क्वीन्सटाउनला. दहाव्या मजल्यावर घर. करमंना बघा! पर खाली झाडीत रानकोंबड्या हिंडायच्या, म्हायेरची माणसं भेटल्यागत झालं. सून दीप्ती म्हणायची, "आई, त्यांना दाणे घालू नका हं. इथे दंड होतो." म्या हूं म्हणायचं अन् पदराखाली मूठभर तांदूळ घिऊन लिफ्टनं खाली.

एक दिस उज्ज्वल म्हणाला, "चल आई, माझ्या कोंबड्या बघायला. साहेबांना विचारलंय."

आधी पिल्लं दावली. "ओळख बघू, नर कुठला, मादी कुठली?"

"तुरा फुटल्याबिगर कोण सांगंल रं?"

"रंगावरून! ही जातच तशी. तपकिरी ती मादी, पिवळसर तो नर."

म्या तोंडात बोटच घातलं. मग चार नंबरच्या शेडात गेलो. पिंजऱ्यांच्या रांगांत वीस हजार कोंबड्या, शंभरातल्या पंच्याण्णव रोज अंडं देणाऱ्या! आपली गावठी पंधरा घालती अन् खुडूक बसती. दारात चपलेवर चढवायला प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या व्हत्या. त्या लागल्या घसरायला. पोराची पाठ वळली तशा काढल्या अन् कमरंला खोसल्या.

आठ दिसांनी उज्ज्वल घरी आला तो तोंड पांढरंफटक. "चार नंबरात कोंबड्या आडव्या पडतायत. सरकारी माणसं नमुने घेऊन गेली. बर्ड फ्लू निघाला तर सगळं शेड मारावं लागेल."

कणीक मळत व्हते, हात तिथंच थांबलं. रानकोंबड्यांच्या घाणीत फिरलेली चप्पल घालूनच मी त्या शेडात गेलते की! आपल्या गावात मर आलती तवा पोती भरभरून कोंबड्या पुरल्या, त्यो खड्डा डोळ्यापुढं उभा ऱ्हायला. सांगावं तर पोराची नोकरी जाती, त्यानंच मला आत नेलं व्हतं. न सांगावं तर मन खातं. दोन दिस अन्न गोड लागंना. खाली गेले तर रानकोंबडी पिल्लं घिऊन पायाशी आली, अन् मी मागं सरले. उभ्या जन्मात पहिल्यांदा मला कोंबडीचं भ्या वाटलं.

तिसऱ्या दिशी त्यो न्याहारीला बसला तवा बोलून टाकलं.

"आई! पिशव्या का काढल्यास?"

"घसरत व्हते रं."

"आणि हे आज सांगतेस?"

"तुझ्या पोटावर पाय येईल म्हणून भ्याले."

त्यानं पुढ्यातली बशी सारली. मग उठला. "मला साहेबांना सांगावंच लागेल."

"थांब. आधी त्या कोंबड्या दाव मला."

त्यानं मोबाइलवर व्हिडिओ लावून पुढं धरला. 

"माना पिळत्यात का?"

"नाही."

"हिरवं हागत्यात?"

"नाही. फक्त अंड्याचं कवच पातळ झालंय."

तुरं लालबुंद, डोळं टकटकीत, बसल्या जागी दाणा टिपत व्हत्या. "पोरा, मरीची कोंबडी दाण्याकडं बघत न्हाई. ह्यांची हाडं गेलीत. रोज अंडं म्हंजी रोज कवच, त्याला चुना आणायचा कुठनं? हाडातनंच काढायचा."

"मलाही तेच वाटतंय, आई. पण तपासणीचा अहवाल येईपर्यंत आपल्या वाटण्याला काय अर्थ?"

खरं म्हणून बोलत व्हते का माझी सुटका व्हावी म्हणून, माझं मलाच कळंना. त्यानं तिथंच फोन लावून इंग्रजीत समदं सांगितलं. 'माय मदर' तेवढं मला समजलं. भिंतीला टेकून खाली बसले.

सांजंला निरोप आला, बर्ड फ्लू न्हाई. खाद्यातला चुना पिठागत बारीक आलता, भांड्याच्या तळाशीच बसत व्हता, कोंबड्यांच्या चोचीत येतच न्हवता. पडलेल्या कोंबड्या पिंजऱ्यातनं जमिनीवर सोडल्या, शिंपल्यांचा जाड चुरा घातला, तशा चार-पाच दिसांत बऱ्याच उठल्या. साहेबानं उज्ज्वलला लेखी तंबी दिली ती दिलीच. अन् मला ह्ये गमबूट धाडलं, माझ्या मापाचं. दीप्ती लई हसली. मला काय हसू आलं न्हाई.

झालं हसून? मग व्हा बाजूला. अन् कमलाकरा, तुझ्या परड्यात काल कोंबडी मेली न्हवं? दारातच थांब. आदुगर पाय धू.