शकुनबाईच्या खांद्यावरचे सहा किलो

आयक तं खरं, मधात बोलू नको. कोंढा गावच्या बाजारात धान मोजाच्या काट्याभोवती अख्खं गाव जमलं होतं. काट्यावर शकुनबाई उभी, बाजूले बाबा त्रिशूळ टेकवून पुटपुटून राहिला होता. आकडा पंचेचाळीस. बाबानं डोळे फिरवले, "ये ताराचंद, बस खांद्यावर." आकडा सरकला, एक्कावन्न. लोकाइनं हातच जोडले.

ताराचंद म्हणजे तिचा नवरा, दोन वर्षांआधी मेलेला. पोरगी सुरतले. घरात बोलाले एक रेडिओ. अन् उजवा खांदा असा दुखे का बाईले स्वतःची वेणी घालता येत नव्हती.

"तुहा मालकच बसला हाय तिथं," बाबा म्हणे. "हात हलवू नको. अमावसेले उतरवतो."

बाई घरी आली अन् चहा दोन कप मांडला. अमावस आली, गेली, ती उतरवाले गेलीच नाई. हात पोटाशी धरून हळू चाले, तो पडू नये म्हणून. दोन महिन्यांत हात लाकूड झाला. रोवणा लागला, धानाची रोपं लावाले तिले कोणी बोलावलं नाई.

शेजारची राखी नागपूरले फिजिओथेरपी शिकते. सुट्टीत आली. "मावशी, केस काहून असे?" बाईनं लाजत लाजत सारं सांगतलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी राखीनं तिले परत काट्यावर उभं केलं. बाबानं हाक मारली, आकडा वर. राखीनं त्रिशूळ उचललं, आकडा खाली. त्याचं खालचं टोक काट्याच्या पाट्यावरच होतं, नाव घेतलं का बाबा वरून दाबे.

"आता बोलवा ताराचंद मावश्याले," राखी म्हणे.

"आज तो रुसला हाय."

"पायजा बाबा, त्रिशूळावर बसला असन," गर्दीतला गोमाजी म्हणाला. सारे हसले. शकुनबाई नाई हसली.

घरी राखीनं समजावलं, "खांदा म्हणजे उथळ वाटीतला गोळा. त्याच्याभोवतीची पिशवी सुजते, आकसते. हात धरून ठेवला तं आणखी जाम होते. डॉक्टरले दाखवू, साखर तपासू. मंग रोज भिंतीवर बोटं चढव, सोसवन तेवढी. महिने लागतीन, पण सुटते. मावशी, मेलेल्या माणसाले वजन नसते."

बाईनं बोटं भिंतीवर टेकवली. छातीपर्यंत नेली अन् थांबली.

"हात वर गेला, तं तो कुठं बसन व?"

आता सांग, राखीच्या जागी तू असता तं काय म्हटलं असतं?