टंगळमंगळ म्हणायचं नाही

सुमंतरावांना इंग्रजी येत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर त्यांनी ते मनाला लावून घेतलं असतं. सारा जन्म सरकारी कचेरीत गेलेला. 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' हे तर ते झोपेतही म्हणाले असते. मग निवृत्तीनंतर हा माणूस शिवाजीनगरच्या बसस्टँडमागे, एका दुकानावरच्या माडीवर, धापा टाकत इंग्रजीच्या क्लासला का जात होता? तर मुलीशी बोलता यावं म्हणून. आणि मुलगी, श्रीविद्या, घरात सगळ्यांसारखी कानडी मिसळलेली का होईना, पण मराठीच बोलत होती. तेव्हा गोंधळ इथपासूनच आहे.

श्रीविद्याचा एम.टेक.चा प्रबंध अडला होता. शेवटचं प्रकरण तेवढं बाकी होतं, पण ती गाईडना तोंड दाखवत नव्हती, त्यांच्या मेल उघडूनही बघत नव्हती. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत तिने त्यांना लिहून मुदत मागितली नाही, तर तिचं नाव कापलं जाणार होतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाणार होती. हे तिच्या मैत्रिणीने, आश्लेषाने, तिच्या आईच्या, विमलाबाईंच्या, कानावर घातलं आणि विमलाबाईंनी नवऱ्याच्या. श्रीविद्या दिवसभर दार लोटून बसायची.

एकदा जेवताना सुमंतरावांचा तोल गेला. "ही टंगळमंगळ अजून किती दिवस?" असं ते म्हणाले मात्र, तिने ताट सारलं आणि उठून गेली. पुढे कितीतरी दिवस त्या घरात कुकरखेरीज कुणी बोललं नाही. घाबरून त्यांनी कॉलेजच्या समुपदेशक बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, हा आळस नव्हे, हे प्रोक्रॅस्टिनेशन आहे, भीतीपोटी काम पुढे ढकलत राहणं. तिच्याशी बोलताना शब्द जपून वापरा.

कुठले शब्द? सुमंतरावांनी आपली सगळी मराठी उलटीपालटी करून पाहिली. आळस, चालढकल, दिरंगाई, कामचुकारपणा, आळशाला गंगा दूर. ऐकून कुणी दार उघडावं असा त्यात एकही शब्द नव्हता. वाडवडिलांनी या एका गोष्टीसाठी इतके टोमणे करून ठेवले आणि औषध एकही नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. म्हणून हा क्लास.

क्लास घेणाऱ्या स्मृती मॅडम त्यांच्या मुलीच्याच वयाच्या होत्या. त्या इंग्रजीबरोबर व्यक्तिमत्त्व विकासही शिकवत आणि फळ्यावर शब्द लिहीत: मोटिव्हेशन, हॅबिट, ट्रिगर, रिवॉर्ड. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, मोटिव्हेशन असेल तर काम होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, मोटिव्हेशनची वाट बघू नका, काम सुरू करा, ते मागाहून येतं.

"मॅडम, मग यातलं खरं कुठलं?" सुमंतरावांनी विचारलं.

"दोन्ही, सर."

त्यांनी दोन्ही उतरवून घेतलं. मग आला 'अकाउंटेबिलिटी पार्टनर'. कचेरीत अकाउंटेबिलिटी म्हटलं की कारणे दाखवा नोटीस, एवढंच त्यांना ठाऊक. मॅडम म्हणाल्या, तसं नाही. हा माणूस तुमचं काम करत नाही, तुम्हाला रागवत नाही, तुम्ही काम करत असताना नुसता बरोबर असतो.

"मग तो करतो काय?"

वर्ग हसला. सुमंतरावांनी विनोद केला नव्हता. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं, आणि बसमधून घरी जाईपर्यंतही कळलं नाही.

बुधवारी पौर्णिमा होती, म्हणून घरी सत्यनारायण. भटजी नेहमीसारखे म्हणाले, "अक्का, हाताला हात लावा." विमलाबाईंनी नेहमीसारखी दोन बोटं नवऱ्याच्या कोपराला टेकवली. संकल्पाचं पाणी सोडताना सुमंतरावांच्या डोक्यात ट्रिगर आणि रिवॉर्ड घोळत होते. श्रीविद्या खोलीतून बाहेर आली नाही.

भटजी गेल्यावर विमलाबाईंनी विचारलं, "बोललात तिच्याशी?"

"दोन धडे राहिलेत. शब्द पक्के झाले की बोलतो."

"अहो, परवा शुक्रवार. तुमचे शब्द पक्के होईतो तो थांबणार आहे का? आणि हे तुम्ही जे चालवलंय, त्याला तुमच्या मॅडम काय म्हणतात?"

समुपदेशक बाईंचा तो शब्द सुमंतरावांना स्पेलिंगसकट येत होता. त्यांनी आणखी थोडा प्रसाद वाढून घेतला.

शुक्रवारी सकाळी त्यांनी दार ढकललं. श्रीविद्या लॅपटॉपसमोर बसली होती, हात मांडीवर. बसमध्ये घोकलेलं वाक्य त्यांनी सुरू केलं, "यू टेक वन स्मॉल..." आणि पुढचं सगळं पुसलं गेलं.

"मला काही कळत नाही गं," ते म्हणाले. "क्लासलासुद्धा गेलो. तरी नाही कळलं."

श्रीविद्याने वर पाहिलं. "मलाही कळत नाही, अण्णा. मेल उघडायची एवढंच आहे. हात जवळ नेते, तो पुढे जातच नाही."

"मी लिहून देतो. दोन मिनिटांचं काम."

"नको. ते तुमचं पत्र होईल."

"मग मी काय करू?"

"ठाऊक नाही. स्वल्प बसा."

ते बसले. तिचा हात उचलला गेला, लॅपटॉपपाशी अडला. सुमंतरावांनी विचार असा काही केला नाही. त्यांनी दोन बोटं तिच्या कोपराला टेकवली.

तिने त्या बोटांकडे पाहिलं. "पूजा आहे का, अण्णा?"

"सरी, बरं, तसं समज."

तिने मेल उघडली. गाईडच्या मेलांची रांग लागली होती, आणि सगळ्यात वरच्या मेलमध्ये एकच ओळ होती: श्रीविद्या, तू बरी आहेस ना? तिचे डोळे भरून आले. डोळे पुसत पुसत तिने इंग्रजीत लिहायला घेतलं. 'सर, मला भीती वाटत होती.' सरकारी पत्रात असलं वाक्य सुमंतरावांनी लाल शाईने उडवलं असतं. आता त्यांनी ते तसंच राहू दिलं. त्यांचा हात अवघडला होता, पण बोटं जागची हलली नाहीत.

विमलाबाई कॉफी घेऊन आल्या. दोघांकडे पाहून त्यांनी पेला खाली ठेवला, मागे उभ्या राहिल्या आणि नवऱ्याच्या कोपराला हात लावला.

"मुदत मागितली. गेली मेल," श्रीविद्या म्हणाली.

मग सुमंतरावांनी विचारलं, "आता हात काढू का?" काढायचा असतो की नाही, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"राहू दे," ती म्हणाली, आणि तिने अडलेल्या प्रकरणाची फाइल उघडली.