जिन्याखालचे ठोकळे

गंगापूर रोडवरच्या प्रतिभाताईंच्या बंगल्यात मोतीराम सुताराचा हात लागला नाही अशी एक फळी नव्हती. देव्हारा त्याचा, दारं त्याची, झोपाळाही त्याचाच. त्यामुळे जिन्याखाली नवे ड्रॉवर करायचं काम ताईंनी जीवनला दिलं हे कळलं, तेव्हा मोतीरामच्या घशाखाली घास उतरेना. जीवन कोणी परका नव्हता, सख्ख्या बहिणीचा मुलगा होता. परका असता तर मोतीरामने दोन शिव्या हासडल्या असत्या आणि पोटभर जेवला असता.

जीवन आठ वर्षं मामाच्या हाताखाली शिकला. रंधा कसा धरायचा, लाकडाची रेघ कशी वाचायची, सगळं मामाने दाखवलं. आता त्याचं सातपूरला वर्कशॉप होतं आणि टेम्पोवर मोठ्या अक्षरांत ‘जीवन इंटिरिअर्स’ लिहिलेलं होतं. सुतार हा शब्द टेम्पोवर कुठेही नव्हता. मोतीरामने टेम्पोभोवती दोन फेऱ्या मारून तशी खात्री करून घेतली होती.

“भाच्याचं बरं चाललंय तर तुमच्या पोटात का दुखतंय?” सरुबाईने, त्याच्या बायकोने, विचारलं.

“माझ्या कुठं दुखतंय?” असं म्हणून त्याने ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. “मोतीरामभाऊ, जिन्याखालचं जुनं कपाट तेवढं काढून द्याल का? जीवनची माणसं तोडून टाकतील. तुमच्या हातचं आहे, नीट निघेल.”

म्हणजे नवं करायला भाचा आणि जुनं काढायला मामा! नाही म्हणावं असं शंभरदा मनात आलं, आणि तो हो म्हणाला.

कपाट बावीस वर्षांचं होतं. खोल आणि अंधारं. मागचा डबा हवा असेल तर बॅटरी घेऊन रांगत आत शिरायचं, आणि ताईंचे गुडघे आता वाकत नव्हते. जीवनने त्यांना कागदावर काढून दाखवलं होतं. जिन्याच्या उतरणीबरोबर लहान होत जाणारे चार ड्रॉवर, ओढले की पूर्ण बाहेर येणारे. ताईंचं म्हणणं रास्त होतं. मोतीरामलाही ते पटत होतं, म्हणून तर जास्त झोंबत होतं.

त्या कपाटाची एक गोष्ट मात्र त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. मागच्या भिंतीपलीकडे न्हाणीघर होतं आणि पावसाळ्यात ती भिंत ओल धरायची. म्हणून त्याने भिंतीवर सागाचे चार ठोकळे मारून कपाट चार बोटं पुढे बसवलं होतं. मधे हवा खेळायची, लाकूड कोरडं राहायचं. कपाटाच्या मागे डोकावून बघणारं गिऱ्हाईक त्याने अजून पाहिलं नव्हतं.

त्याने कपाट अलगद उतरवलं. भिंतीवर नुसते ठोकळे उरले. मे महिना होता, भिंत कोरडी ठणठणीत होती. ताई आत चहा टाकत होत्या. मोतीरामने स्क्रू फिरवले, चारही ठोकळे काढले आणि पिशवीत तळाशी घातले.

फाटकाशी जीवन भेटला. वाकून पाया पडला. “मामा, काही सांगायचंय का? तुम्हाला या घराची सगळी माहिती आहे.”

एका वाक्याचं काम होतं. “तू आता मोठा माणूस. तुला मी काय सांगनार?” मोतीराम म्हणाला आणि चालू पडला.

पुढचे तीन महिने तो पावसाच्या वाटेला डोळे लावून बसला. त्या वर्षी पाऊसही झोडपून पडला. लोक वैतागले, भाजी महागली, सरुबाईचे कपडे वाळेनात, आणि मोतीराम खिडकीत बसून खुशीत. त्याला दिसत होतं, प्लाय फुगलेलं, ड्रॉवर अडकलेले, ताईंचा चेहरा पडलेला. मोतीरामभाऊ, आता तुम्हीच या, असं त्या म्हणतील. तेव्हा चेहरा कसा ठेवायचा हेसुद्धा त्याने ठरवून टाकलं होतं. थोडा दुःखी, थोडा गंभीर.

गणपतीच्या आठ दिवस आधी फोन आला. स्वयंपाकघराचं दार फुगलंय, खाली घासतंय, रंधा घेऊन या. दार फुगलं तर ड्रॉवर कुठे जातात? मोतीराम जवळजवळ पळतच गेला.

जीवन तिथे आधीच हजर होता. पावसानंतर एकदा काम तपासून जायचं, अशी त्याची पद्धत होती. मोतीराम तडक जिन्यापाशी गेला आणि पहिला ड्रॉवर त्याने हिसका देऊन ओढला. हिसक्याची गरजच नव्हती, ड्रॉवर अलगद बाहेर आला. दुसरा आला, तिसरा आला, चौथाही आला. मोतीरामने गुडघ्यावर बसून कडेच्या फटीत हात घातला. भिंत ओली होती. फळी कोरडी होती. मधे चार बोटं जागा होती.

“ही जागा कोनी सोडायला सांगितली तुला?”

“तुम्हीच की, मामा,” जीवन म्हणाला. “तुम्ही कपाट काढलंत ना, भिंतीवर चार चौकोन स्वच्छ होते आणि भोवती सगळे ओलीचे डाग. मग कळलं, मामाने इथे ठोकळे मारले होते. मीही तसेच मारले.”

“बघा, तरी मी नेहमी म्हणते, भाऊंचा हात लागलेलं वाया जात नाही,” ताई कौतुकाने म्हणाल्या. मग थांबल्या. “पण मग ते ठोकळे तुम्ही काढून का नेलेत हो?”

मोतीरामने फटीतला हात बाहेर काढला. जीवननेही त्याच्याकडे पाहिलं, आणि बहुधा त्याच वेळी त्याला सगळं कळलं. तरी तो पटकन म्हणाला, “जुने होते ना, मामा? कुजले असतील.”

भाच्याने वाट करून दिली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण ते ठोकळे मोतीरामने स्वतः रंधून घडवलेले होते आणि अजून घरी पिशवीत जसेच्या तसे पडले होते. स्वतःच्या सागाला जीवनच्या देखत कुजका म्हणायचं?

“कुजायला काय झालं? साग हाय तो. अजून पन्नास वर्षं काय होत नाय त्याला,” तो ताडकन म्हणाला.

“मग?” ताईंनी विचारलं.

“याचं काम बिघडावं म्हनून नेले.”

जीवनने खाली पाहिलं. बोलून टाकलं की आतली जळजळ थांबेल असं मोतीरामला वाटलं होतं. ती थांबली नाही. चौथा ड्रॉवर अजून उघडाच होता. जीवनने तो एका बोटाने ढकलला, आणि तो जरासुद्धा आवाज न करता आत जाऊन बसला.

असं काम आपल्याला उभ्या जन्मात जमलं नसतं, हे मोतीरामला लख्ख दिसलं. ते मात्र तो बोलला नाही.