बायाक्काच्या नावच्या विड्या

“कुंदर्री, बसा आक्का,” विमा ऑफिसातल्या यल्लाप्पानं खुर्ची पुढं सरकवली. “पण तुमचा अर्ज काय पास हुईत न्हाय.”

जिना चढून बायाक्काला धाप लागली होती. प्रेमलानं तिला दंडाला धरून बसवलं. दोघी निपाणीच्या एकाच कारखान्यासाठी विड्या वळायच्या, तरुणपणापासून शेजारी शेजारी. छातीत पाणी झालं म्हणून डॉक्टरांनी बायाक्काला घरी बसवलं होतं, तसा दाखलाही दिला होता. एकटा जीव, हात थांबले की चूल थांबली. आता सारी भिस्त आजारपणाच्या भत्त्यावर.

“का रं बाबा? पगारातनं विम्याचं कापून घेतलासा की.”

“कापलंय. पण काम केलं तर भत्ता न्हाय. तुम्ही आजारी, आन् कारखान्यात रोज तुमच्या नावावर बिड्या जमा. हे कसलं आजारपण?”

 विड्या वळणाऱ्या बायकांत रीतच होती. बाई अंथरुणाला खिळली की बाकीच्या आपल्या सुपातल्या मूठ-मूठ विड्या तिच्या नावानं घालायच्या. विमा आला तो नंतर. बायाक्काच्या आईनं बाळंतपणं त्या मुठींवरच काढली होती. यंदा मुठी गोळा केल्या त्या प्रेमलानं. औषधापुरतं भागत होतं, एवढंच.

“दुसऱ्या कुणी वळल्या असतील तर नावं सांगा,” यल्लाप्पा हळू आवाजात म्हणाला. “तुमचा भत्ता सुटंल. दुसऱ्याच्या नावानं घातल्या म्हणून त्यांचं मात्र काम जाईल.”

“साहेब, त्या बिड्या...”

बायाक्कानं प्रेमलाचा हात दाबला. “मीच वळल्या. खोकत खोकत वळल्या.”

यल्लाप्पानं अर्ज बाजूला सारला. “मग हा भत्ता गेला, आक्का. इथनं पुढं तरी हात लावू नगासा. नवा दाखला आणा, बघतो.”

खाली आल्यावर प्रेमला म्हणाली, “आमच्या मायेनं तुझा घात केला गं.”

“गप. इतकी वर्षं माझं कापलं, मी कवा आजारी पडलो? संकेश्वरच्या कुण्या बाईच्या औषधाला गेलं असंल. ती बी मूठच की, जरा लांब गेली.” बायाक्का दम घ्यायला थांबली. “पण आता माझ्या नावानं घालू नगा. मला नीट आजारी पडू द्या.”

“आन् खाशील काय?”

“भाकरी घेऊन ये. भाकरीवर नाव नसतंय.”

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या ओट्यावर बायका सुपं घेऊन ओळीनं बसल्या. सवयीनं कुणी कुणी मूठ बाजूला काढली होती. विड्या तपासून घेणारा चेकर नावं पुकारत आला.

“बायाक्का?”

सगळ्यांचे डोळे प्रेमलाकडं वळले. तिनं स्वतः बाजूला काढलेल्या विड्या ओढून परत आपल्या सुपात मिसळल्या.

“आली न्हाय,” ती म्हणाली. “आजारी हाय.”